बरोबरी

सांगलीहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गणपत गल्लीत भाजी घेत होतो. तेथे आमचे एक सहकारी प्राध्यापक भेटले. मी बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेलो होतो हे त्यांना ठाऊक होते. वांगी निवडता निवडता त्यांनी विचारले, "काय सर, शेवटचा डाव जिंकलात की हरलात?"

"बरोबरी झाली," मी म्हणालो.

"म्हणजे काहीच झालं नाही म्हणायचं!" असे म्हणून त्यांनी एक किडके वांगे बाजूला टाकले आणि विषय संपवला.

ही गोष्ट १९८२ च्या मे महिन्यातली. त्या वेळी मी त्यांना उत्तर दिले नाही. उत्तर लांबलचक होते आणि त्यातला एक भाग भाजीबाजारात सांगण्यासारखा नव्हता. यंदा आपल्या वार्षिकाचे विद्यार्थी-संपादक घरी आले. "सर, तुम्ही इतकी वर्षं कॉलेजात गणित शिकवलंत, काहीतरी लिहा, पण गणितावर नको," असे त्यांनी मोठ्या अजीजीने सांगितले. तेव्हा ते राहून गेलेले उत्तरच लिहून द्यावे असे मनात आले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते माझ्यापाशी पडून आहे.

माझा त्या डावातला प्रतिस्पर्धी घटप्रभा स्टेशनपासून दोन-तीन मैलांवरच्या एका खेड्यात पोस्टमास्तर होता. होता कसला, होते. वयाने माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. त्यांना गावात आणि स्पर्धांत सगळे पोस्टमास्तरच म्हणत. मीही कधी दुसऱ्या नावाने हाक मारल्याचे आठवत नाही. १९७६ साली बेळगावातल्या एका छोट्या स्पर्धेत मी त्यांना तिशीच्या आतच हरवले होते. तिशी म्हणजे चालींची. डाव संपल्यावर हरलेला माणूस सहसा पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून जातो. हे उठले नाहीत. त्यांनी मोहरे पुन्हा मांडले आणि कानडी वळणाच्या मराठीत विचारले, "सर, माझी हत्ती कुठं चुकली, तेवढं सांगा की."

त्यांच्या मराठीत हत्ती कधी 'ती' असे, कधी 'ते' असे. माझी कानडी त्याहून दिव्य होती. बेळगावात जन्म गेला तरी आमच्या घरात कानडी भाजीवाली आणि दूधवाला यांच्यापुरतीच होती. मी त्यांना घाईघाईत "बा, बा" म्हणून एकेरीत बोलवी आणि ते पोट धरून हसत. मग स्वतः दाखवीत, "बर्री सर, कुंद्री," असे म्हणायचे असते.

त्यानंतर महिन्यातून एक-दोन रविवार ते सकाळच्या गाडीने बेळगावला येऊ लागले. येताना गोकाकचा करदंट आणीत. जाताना आमच्या घरून कुंदा नेत. मधला सगळा वेळ पडवीत पट मांडलेला. दोघांचाही लहानपणचा खेळ देशी पद्धतीचा. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचे. प्याद्याने मात केली तर तिचा मान मोठा. आंतरराष्ट्रीय नियम आम्ही दोघेही वयात आल्यावर शिकलो होतो. पुस्तके माझ्याकडे होती, पण ती इंग्रजी होती आणि पोस्टमास्तरांचे इंग्रजी टपालखात्याच्या फॉर्मांपुरते. मी वाचायचे, अर्ध्या मराठीत आणि पाव कानडीत सांगायचे, ते एका जाड वहीत कानडीत उतरवून घेत. एक गंमत आम्हा दोघांच्याही लक्षात आली होती. इंग्रजी पुस्तकात उंटाचा बिशप होतो आणि हत्तीचा किल्ला. आमच्या दोघांच्या भाषांत मात्र उंट तो ओंटे आणि हत्ती तो आने. प्राणी तेच. भाषांतर करावे लागत नसे, नुसते नाव बदलावे लागे.

अशाच एका रविवारी मी त्यांना 'हत्ती आणि उंट विरुद्ध एकटा हत्ती' ही डावाची अखेर समजावून दिली. बुद्धिबळ न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगतो. पटावरची सगळी प्यादी संपली आहेत. एकाकडे राजा, हत्ती आणि उंट. दुसऱ्याकडे राजा आणि हत्ती. एक उंट जास्त असूनही नीट बचाव केला तर हा डाव जिंकता येत नाही. पण 'नीट' हा शब्द लिहायला सोपा आहे. बचाव करणाऱ्याच्या राजाला पटाच्या कडेकडे ढकलत नेतात, तेथे त्याच्यासमोर आपला राजा उभा करतात आणि मग एक चुकीची चाल म्हणजे मात. अठराव्या शतकात फिलिदोर या फ्रेंच खेळाडूने अशी एक जिंकण्याची स्थिती दाखवून दिली. तिला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. उलट बचावाची एक फार चांगली रीत जॉन कॉक्रेन या स्कॉटिश माणसाच्या नावाने ओळखली जाते. बचाव करणाऱ्याचा हत्ती समोरच्या उंटाला त्याच्याच राजाशी जखडून ठेवतो, आणि दोन राजांमध्ये पुरेसे अंतर राखतो. उंट हलला की त्याचाच राजा शहात सापडतो, म्हणून तो हलू शकत नाही.

हा कॉक्रेन एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात बॅरिस्टर होता आणि तेथे महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी त्याचे पुष्कळ डाव झाले, असे मी सांगितल्यावर पोस्टमास्तर फार खूश झाले. "म्हणजे आपलाच की!" असे म्हणून त्यांनी वहीत त्याचे नाव दोनदा लिहिले. "ही अखेर वर्षातून एकदा येते," मी त्यांना बजावले, "पण आली की घाम फोडते. आणि एक लक्षात ठेवा. पन्नास चाली तग धरलात तर डाव बरोबरीत." दोन्ही बाजूंच्या सलग पन्नास चालींत एकही मोहरा मारला गेला नाही आणि एकही प्यादे हलले नाही, तर खेळाडूला बरोबरी मागता येते, हा तो नियम.

आता सांगलीकडे येतो.

सांगली म्हणजे आमच्या भागातल्या बुद्धिबळाचे माहेर. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये तेथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांना पटाशी बसवले. त्या ओढीनेच आम्ही सीमेपलीकडून सुट्टीत तिकडे धावत असू. १९८२ च्या त्या खुल्या स्पर्धेलाही आम्ही बरोबरच निघालो. मी बेळगावला गाडीत बसलो, ते घटप्रभेला चढले. तेव्हा ती लाइन मीटरगेज होती आणि गाडी प्रत्येक स्टेशनावर विसावा घेत असे.

तो उन्हाळा वेगळा होता. कर्नाटकात शाळांमधल्या कन्नडच्या स्थानावरून गोकाक समितीच्या अहवालाची चळवळ पेटली होती. आमच्या गावात तर भाषेचा प्रश्न १९५६ पासून चुलीवरच होता. गोकाक म्हटले की आजवर आम्हाला करदंट आठवायचा. त्या वर्षी अहवाल आठवू लागला. ओळखीची माणसे रस्त्यात भेटली की कोणत्या भाषेत 'नमस्कार' म्हणावे याचा क्षणभर विचार करीत. आम्ही दोघे गाडीत त्या विषयावर बोललो नाही. पोस्टमास्तरांनी खिशातला छोटा पट काढला.

स्पर्धा नऊ फेऱ्यांची होती. आठ फेऱ्यांनंतर माझे सहा गुण होते आणि पोस्टमास्तरांचे साडेपाच. इतके गुण त्यांना कुठल्याच स्पर्धेत मिळाले नव्हते. शेवटच्या फेरीच्या जोड्या फळ्यावर लागल्या, तेव्हा त्यांची माझ्याशीच गाठ पडली. मी जिंकलो तर सात गुणांवर तिसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसात माझा वाटा होता. बरोबरी झाली तर हात हलवीत परत. बक्षिसाची रक्कम फार नव्हती. पण छत्तिसाव्या वर्षी माणसाला सांगलीत आपले नाव पुकारले जावे असे वाटते, हे मी लपवीत नाही. शिवाय स्पर्धांत आमचे आधी सात डाव झाले होते आणि सातही मी जिंकले होते.

माझ्याकडे पांढरे मोहरे होते. वजिराच्या प्याद्याने सुरुवात केली. पोस्टमास्तर सावकाश आणि घट्ट खेळले. तिसाव्या चालीच्या सुमारास त्यांच्याकडून एक घोडा अडचणीत सापडला. तो मी मारला, पण त्याच्या बदल्यात त्यांनी माझी दोन प्यादी टिपली. पन्नासाव्या चालीच्या आसपास त्यांनी भुवया वर करून नुसते "सर?" असे विचारले. बरोबरीचा प्रस्ताव होता. मी म्हणालो, "खेळू या." त्यांनी मान डोलावली. राग नव्हता, गुरूने असेच म्हणायला हवे, अशीच ती मान होती. मग एकेक करून प्यादी संपत गेली आणि ६१व्या चालीला त्यांच्या हत्तीने माझे शेवटचे प्यादे मारले.

पटावर पाच मोहरे उरले. माझा राजा, हत्ती आणि उंट. त्यांचा राजा आणि हत्ती.

आम्ही दोघांनीही एकदमच वर पाहिले. पोस्टमास्तरांनी उजव्या कानाची पाळी चिमटीत धरली. पडवीत मी काही नवीन दाखवले की ते असेच करीत. मला त्या क्षणी कसे वाटले ते सांगणे अवघड आहे. आपण ज्याला पोहायला शिकवले त्याच्याशीच नदी ओलांडण्याची पैज लागावी, तसे काहीतरी.

स्थानिक स्पर्धा असल्यामुळे डाव तहकूब ठेवण्याची सोय नव्हती. पहिल्या चाळीस चालींना दोन तास आणि उरलेल्या सगळ्या डावाला प्रत्येकी एक तास. मी त्यांच्या राजाला कडेला ढकलत होतो, ते पुन्हा मध्यभागाकडे सरकत होते. मी राजा समोर आणला की त्यांचा हत्ती मागून येऊन माझ्या उंटाला बांधून टाकी. कॉक्रेन बॅरिस्टर माझ्यावर माझीच फिर्याद चालवीत होता. इतर डाव संपले, पोरे आमच्याभोवती गोळा झाली. पंखा होता, पण तो उन्हाळ्याचीच हवा फिरवीत होता. शेवटी शेवटी माझ्या घड्याळात चौदा मिनिटे होती आणि त्यांच्या घड्याळात जेमतेम दोन. तरीही ते प्रत्येक चाल लिहीत होते. स्कोअरशीट त्यांनी नेहमीप्रमाणे कानडीत भरले होते, अक्षरे कानडी आणि आकडेही कानडी.

आणि मग त्यांनी एक चाल कागदावर लिहिली, पटावर खेळली नाही, आणि दोन्ही घड्याळे थांबवली.

हीच नियमाची रीत होती. बरोबरी मागायची असेल तर पन्नासावी चाल आधी लिहायची, मग पंचांना सांगायचे. पंच आले. ते साताऱ्याकडचे वयस्कर गृहस्थ होते, अतिशय सरळ. पोस्टमास्तर उभे राहिले आणि बोलू लागले. त्यांचा एक स्वभाव होता. ते घाबरले की आधी त्यांचे इंग्रजी पळून जाई आणि त्यामागोमाग मराठी. उरे ती घरची भाषा.

"ऐवत्त आत री," ते म्हणाले, "ऐवत्त!" आणि बोटाने कागद दाखवू लागले.

पन्नास झाल्या, पन्नास. मला ते स्वच्छ कळले. पंचांना कळले नाही. एखादा खेळाडू मध्येच घड्याळ थांबवतो तेव्हा पुष्कळदा त्याने डाव सोडलेला असतो. पंचांनी तसाच अर्थ लावला.

"डाव सोडला म्हणताहेत का हे?" त्यांनी मला विचारले. मी उत्तर दिले नाही तसे पुन्हा म्हणाले, "सोडला नसेल तर वेळ घालवू नका, घड्याळ सुरू करतो." आणि त्यांचा हात घड्याळाकडे गेला.

मी काही बोललो नाही.

किती वेळ? घड्याळे थांबलेली होती, त्यामुळे मोजता येत नाही. पाच सेकंद असतील, दहा असतील. तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेले ते आजही आठवते. मी खोटे बोलत नव्हतो. दुभाष्याचे काम माझे नव्हते. प्रतिस्पर्ध्याने आपली मागणी आपणच पंचांना समजावून द्यावी, यात गैर काय? घड्याळ सुरू झाले की दोन मिनिटांत त्यांचा झेंडा पडणार होता. सांगलीत माझे नाव पुकारले जाणार होते. आणि हेही लिहून टाकतो, की त्या उन्हाळ्यात बेळगावच्या हवेत जे तरंगत होते त्याचा एक कण माझ्याही मनात शिरला: आमच्या मुलखात येऊन बोलायचे तर आमच्या भाषेत बोलायला शिकावे. ज्या माणसाने सहा वर्षे रविवारी पहाटे उठून माझ्या पडवीत मराठी ऐकली होती, त्याच्याबद्दल हा विचार माझ्या मनात आला.

मग मी पोस्टमास्तरांकडे पाहिले. ते पंचांकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. हरण्याच्या भीतीने नव्हे. पडवीत एखादा इंग्रजी शब्द अडला की मी तो सांगेपर्यंत ते जसे थांबत, तसे ते थांबले होते.

"त्यांनी डाव सोडलेला नाही," मी म्हणालो. "पन्नास चाली झाल्या, बरोबरी हवी, असं ते म्हणताहेत. चाल लिहून ठेवली आहे."

पण एवढ्यावर भागणार नव्हते. मागणी चुकीची ठरली तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे मागणाऱ्याच्या वेळेतून पाच मिनिटे जात. त्यांच्यापाशी दोनच होती. म्हणजे मागणी चुकली की डाव गेला. पंचांनी त्यांचे स्कोअरशीट उचलले, उलटसुलट केले आणि खाली ठेवले. "मला हे वाचता येत नाही. तुमचं द्या." माझे मराठीत होते. ६१व्या चालीच्या पुढून त्यांनी बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. मोजून झाल्यावर मान हलवली. "एकोणपन्नास."

पोस्टमास्तरांचा चेहरा उतरला. पण मला या वेळी थांबावे लागले नाही. एकदा बोलायला सुरुवात केली की पुढचे सोपे होते. मी म्हणालो, "माझी एखादी राहिली असेल. त्यांचा कागद वाचून बघू." गर्दीत अथणीचा एक शाळकरी पोरगा होता. त्याला कानडी येत होते आणि मराठीही. तो पोस्टमास्तरांचा कागद वाचू लागला, पंच माझा. दुसऱ्या एका पटावर चाली मांडत गेले. पोरगा म्हणे "आने", पंच म्हणत "हत्ती". पोरगा म्हणे "ओंटे", पंच म्हणत "उंट". राजा दोन्हीकडे राजाच. सगळी खोली ऐकत होती. ८८व्या चालीला गाडी अडली. माझ्या कागदाप्रमाणे माझा राजा एकाच चालीत दोन घरे पुढे गेला होता. राजा असे जात नसतो. त्यांच्या कागदावर मधले घर होते, आणि त्यांच्या हत्तीचे उत्तरही होते. मी घाम पुसण्याच्या नादात चालींची एक जोडी लिहायलाच विसरलो होतो.

"पन्नास," पंच म्हणाले. "बरोबरी." दोन्ही कागद त्यांनी एकाच टाचणीने टोचले आणि निकालाच्या वहीत दोघांच्या नावांपुढे अर्धा-अर्धा गुण लिहिला.

परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. मिरज सुटल्यावर बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. शेडबाळ गेले, उगार गेले. कृष्णेच्या पुलावर गाडी हळू झाली. खाली उन्हाळ्यातले आटलेले पात्र होते. पोस्टमास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सर, एक विचारू?"

"विचारा की."

"पंच विचारले नव्हं, डाव सोडला का म्हणून. तुम्ही लगेच बोलला नाहीत."

थकलो होतो, ऐकू आले नाही, मनातल्या मनात चाली मोजत होतो, अशी दोन-तीन उत्तरे तयार होती. त्यांपैकी एकही त्या माणसापुढे टिकले नसते. मी म्हणालो, "नाही बोललो."

"का?"

"अर्ध्या गुणासाठी, पोस्टमास्तर."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग कानडीत म्हणाले की त्यांच्या जागी मी असतो आणि माझ्या जागी ते, तर तेही थांबले असते. "पण तुमच्याएवढं थांबलो असतो की जास्त," हे मात्र त्यांनी मराठीत सांगितले, "ते काही सांगता येत नाही, सर." आणि डबा उघडून करदंटाचा शेवटचा तुकडा त्यांनी मधोमध मोडला.

घटप्रभा जवळ आले तसे ते पिशवी आवरू लागले. "आजचं बरोब्बरी झालं," ते म्हणाले. मी म्हटले, "हो, बरोबरी." "तसं नव्हे," ते हसले. "तुमच्यात बरोबरी म्हणजे अर्धं तुम्हाला, अर्धं मला. आमच्यात बरोब्बरी म्हणजे बिनचूक. जेवढं पाहिजे तेवढं, पुरं." शब्द एकच, मूळचा फारसी; मराठीतून तो उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये गेला आणि जाताना थोडा बदलला. गणिताच्या शिक्षकाला हे लागले. इतकी वर्षे मी फळ्यावर बरोबरीचे चिन्ह काढत आलो होतो.

पुढे १९८४ च्या सप्टेंबरात मॉस्कोत कारपॉव्ह आणि कास्पारॉव्ह यांची जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली. पाच महिन्यांत ४८ डाव झाले, त्यांतले ४० बरोबरीत सुटले, आणि १९८५ च्या फेब्रुवारीत निकालाविनाच ती लढत थांबवण्यात आली. भाजीबाजारातले माझे सहकारी तेव्हा पुन्हा म्हणाले, "चाळीस वेळा काहीच झालं नाही!" बाराव्या-पंधराव्या चालीला हात मिळवून चहाला जाणारे खेळाडू असतात, मीही कधीकधी त्यांतला होतो. तशा बरोबरीबद्दल त्यांचे म्हणणे मी मान्य करतो. पण जिंकायचे सगळे उपाय एकाने करून पाहिले आणि वाचायचे सगळे उपाय दुसऱ्याने करून पाहिले, आणि शेवटी दोघांच्याही हातात काही उरले नाही, त्याला काहीच झाले नाही असे म्हणता येत नाही. जिंकलेल्या डावात एकाचीच चूक कळते. आमच्या त्या डावात दोघांना एकमेकांची पुरी मोजदाद कळली, पटावरचीही आणि पटाबाहेरचीही.

त्या अखेरीचा पन्नास चालींचा नियमही मध्यंतरी बदलला होता. ठराविक स्थितींसाठी ही मर्यादा वाढवण्यात आली आणि १९९२ मध्ये पुन्हा सरसकट पन्नास करण्यात आली. आता संगणकाने पाच मोहऱ्यांच्या सगळ्याच स्थिती सोडवून ठेवल्या आहेत. हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती यात काही स्थितींत जिंकायला ५९ चाली लागतात, हेही त्याने दाखवून दिले. गेल्या वर्षी माझ्या नातवाने ट्रंकेतले ते टाचलेले दोन कागद काढले आणि आमचा डाव त्या यंत्राला घातला. शेवटची स्थिती बरोबरीचीच निघाली. पण ७४व्या चालीला पोस्टमास्तरांकडून चूक झाली होती आणि त्यानंतर मी जिंकत होतो, असे यंत्र म्हणाले. उंट हलवायला हवा होता, मी हत्ती हलवला. चूक त्यांना कळली नाही, मला दिसली नाही. नातू हळहळला. मला मात्र हसू आले. तेथेही आम्ही बरोबरीतच होतो.

हे त्यांना सांगायला पोस्टमास्तर आता नाहीत. कानाची पाळी धरून ते काय म्हणाले असते ते मला ऐकू येते.

ते दोन कागद अजून त्याच टाचणीत आहेत. टाचणी गंजली आहे, तिचा डाग दोन्ही कागदांवर सारखाच उमटला आहे. माझ्या कागदावर ११० चाली आहेत, त्यांच्या कागदावर १११. माझ्या भाषेतला कागद अपुरा होता आणि त्यांच्या भाषेतला कागद पंचांना वाचता येत नव्हता. अथणीच्या त्या पोराने दोन्ही एकदम वाचले म्हणून डाव पुरा झाला. संपादकांनी जाताना सांगितले की यंदाही अंकात मराठी विभाग संपेल तेथून कन्नड विभाग सुरू होणार आहे. मराठी वाचणाऱ्या माझ्या विद्यार्थीमित्रांना एकच विनंती आहे. येथवर आलातच, तर पुढचे पानही उलटून बघा. वाचता आले नाही तर शेजारच्या बाकावरच्याला विचारा. आणि त्याने काही विचारले, तर लगेच सांगा. थांबू नका.